एका फॉर्मातली माणसं

मंगळवार, २

आज एकदाचं जमलं! खरं वाटेना म्हणून तीनदा सेव्ह करून पाहिलं, तर एकाच मुलाची तीन मुलं झाली. दोन पुसली आणि मग सिस्टरना हाक मारली.

आमच्या केंद्रात येणाऱ्या मुलांचं रक्त अंगात टिकत नाही, दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं. माझी नात भिंगरी त्यातलीच, आठ वर्षांची. तिला कोणाचंही रक्त चालत नाही. नुसता गट जुळून भागत नाही, आतल्या आणखी बारीक खुणा जुळाव्या लागतात. म्हणून अशा मुलांसाठी नेमके रक्तदाते हेरून ठेवलेले असतात. आजवर सिस्टर आधी मुलाचं पान भरायच्या, सेव्ह करायच्या, मग दुसऱ्या पानावर एकेक दाता, पुन्हा सेव्ह, पुन्हा मूल कोणतं ते निवडा. मागे एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "आजी, यापेक्षा मीच झोपते कॉटवर, घ्या माझंच रक्त!"

आता एकच फॉर्म. वर मूल, खाली दात्यांच्या ओळी, शेवटी एक बटण. बटण दाबलं की आधी मुलाला नंबर मिळतो, तो नंबर प्रत्येक दात्याच्या कपाळावर बसतो आणि सगळी वरात एकदम आत जाते. एकाचा जरी फोन नंबर चुकला तरी कोणीच आत जात नाही, सगळे दारात ताटकळतात. अर्धवट काही नको, हे माझं एक्स्चेंजमधल्या नोकरीपासूनचं वेड. जन्मभर लोकांचे फोन जोडले, आता म्हातारपणी रेकॉर्ड जोडते. शिकवायला कोणी नाही, वाचनालयातलं एक जाडजूड पुस्तक आणि मी.

कप्तानचा फॉर्म सगळ्यात आधी भरला. कप्तान चौदा वर्षांचा, दारातून सगळ्यांना सलाम ठोकत येतो. त्याचे बाबा एका कारखान्यात लेथ मशीनवर आहेत. लेकासाठी त्यांनी अख्खा कारखाना तपासायला आणला होता. त्यातले काही जण कप्तानला जुळले, आणि आमचं नशीब बघा, तेच भिंगरीलाही जुळले. एक माणूस दोन ठिकाणी लिहायचा नाही असं पुस्तकात बजावलंय, म्हणून ते कप्तानच्याच फॉर्मात ठेवले आणि भिंगरीच्या पानापासून त्यांच्यापर्यंत नुसता एक दोरा बांधला. आजची तिची पिशवीही त्यातल्याच एकाची.

कप्तान आज आला नाही. ताप आहे, मोठ्या दवाखान्यात ठेवलाय म्हणे. शेजारची कॉट रिकामी बघून भिंगरीने तोंड फुगवलं होतं.

शनिवार, ६

कप्तान गेला.

काल सकाळी. सिस्टरचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला निघाले होते. डबा हातात धरून तशीच बसले.

सोमवार, ८

आयुष्यात केलेलं सगळ्यात नकोसं काम आज केलं.

केंद्राची एक रीत आहे. मूल गेलं की त्याचं नाव लगेच हलवायचं. हॉलमधल्या पडद्यावर त्या आठवड्याची नावं लागतात, त्याखाली बाकड्यावर आया बसलेल्या असतात. गेलेल्या पोराचं नाव त्यांनी वाचायचं नाही. सिस्टर म्हणाल्या, "कार्डं होती तेव्हा मी कार्ड उचलायचे आणि माझ्या कपाटात ठेवायचे. आता तुमच्या या डब्यातून कसं उचलू? एखादं बटण द्या ना."

दिलं. 'काढा' असं लिहिलं त्यावर. सिस्टरनी डोळ्याला पदर लावला आणि दाबलं. नाव गेलं. त्यांनी चहा मागवला, तो तसाच गार झाला.

मंगळवार, ९

वजन करायला भिंगरीला घेऊन गेले होते. कप्तान मामाकडे गेलाय असं तिला सांगितलंय. पोरं लवकर विसरतात, ते एक बरं. एकदाही त्याचं नाव काढलं नाही तिने. नाहीतर त्याच्याशी भांडल्याशिवाय हिचा मंगळवार जायचा नाही.

उलट आज माझ्या कामात भलताच रस! पडद्याकडे बघत बसली होती. विचारलं, "आजी, यातलं एखादं नाव काढायचं असेल तर किती वेळ लागतो?"

म्हटलं, "एक टिचकी!"

"दुखतं का?"

"कोणाला, कॉम्प्युटरला?" मी हसले. "अगं, त्याला काय दुखायचं!"

तिने मान हलवली. घरी येईपर्यंत माझं बोट सोडलं नाही. माझ्यावर गेलीय, शिकेल पुढे हेच काम.

गुरुवार, ११

सर्व्हरच्या नोंदी चाळताना एक आगाऊपणा सापडला. कोणीतरी रोज सकाळी, आणि काल तर दिवसभर, एका नसलेल्या पानाचं दार ठोठावतंय. 'पान नाही' असं उत्तर मिळतं, तरी पुन्हा तेच. पुस्तकात लिहिलंय की अशी भटकी यंत्रं असतात, जुन्या पत्त्यांवर घिरट्या घालतात. एक्स्चेंजमध्येही फोन करून नुसते श्वास ऐकवणारे असायचेच. मी त्या ठोठावणाऱ्याला सरळ बंदी घातली. आता बसा म्हणावं हात चोळत.

मंगळवार, १६



रविवारपासून भिंगरीला ताप. ताप आला की आतलं रक्त झपाट्याने खर्ची पडतं. आज डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारच्या पलीकडे थांबता येणार नाही. दात्याला आजच कळवा."

सिस्टरनी भिंगरीचं पान उघडलं. दात्यांची जागा रिकामी! एक ओळ नाही. मी म्हटलं नेट गेलं असेल. बंद केलं, चालू केलं. सर्व्हरला शिव्या दिल्या. सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आजी, ही माणसं गेली कुठे?"

मला काय माहीत? पळून का जाणार आहेत माणसं?

बुधवार, १७

पळून गेली नाहीत. मी घालवली.

सकाळी माझाच कोड ओळ न् ओळ वाचला. पुस्तकातला धडा बिलाचा होता. वर बिल, खाली वस्तूंच्या ओळी. बिल काढून टाकलं तर ओळी कशाला मागे ठेवायच्या, त्याही जाऊ द्याव्यात, असा एक नियम त्यात होता. मी तो जसाच्या तसा उचलला. बिलाच्या जागी मूल घातलं आणि वस्तूंच्या जागी माणसं. एवढाही विचार केला नाही की पोर गेलं तरी त्याच्यासाठी रक्त दिलेली माणसं जिवंत असतात.

सिस्टरनी कप्तानचं नाव काढलं आणि त्याच क्षणी अख्खा कारखाना पुसला गेला. त्याच्या बाबांचा नंबर, पत्ता, सगळं. भिंगरीचा दोरा ज्यांना बांधला होता तेच नाहीत, म्हणून दोराही गेला.

रोज सगळ्या माहितीची एक प्रत निघते, तिच्यावर माझी भिस्त होती. पण मी शहाणी कालच्या प्रतीवरच आजची चढवत होते. आहे ती प्रतही रिकामी. सिस्टरच्या कपाटातल्या जुन्या कार्डांवर नुसती मुलं, दाते नाहीत.

रक्तपेढीत फोन केला. त्यांच्याकडे देणाऱ्यांची नावं असतात, पण आतल्या खुणा कोणाच्या जुळतात ते आमच्याकडेच लिहिलेलं. ते म्हणाले, जुन्या दात्यांना पत्रं पाठवू, महिनाभर धरून चाला. महिना! पेढीतल्या होत्या त्या सगळ्या पिशव्या त्यांनी भिंगरीच्या रक्ताशी जुळवून पाहिल्या. एकही जुळली नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, न जुळणारं चढवलं तर तिचं शरीर ते रक्त फोडेल आणि सोबत मूत्रपिंडंही नेईल.

गुरुवार, १८

लेकीला सांगितलं. सांगावंच लागलं.

ती भिंगरीच्या कपाळावर ओली घडी ठेवत होती. तिने ऐकून घेतलं. मग घडी पिळत म्हणाली, "आई, तुला फॉर्म करायला सांगितला होता. माझी पोर पुसायला नाही."

मी म्हटलं, "चुकले गं."

"चुकले म्हणू नकोस. काहीही कर, पण माणसं आण."

जावई खोलीत येऊन उभे राहिले. एरवी मला 'हेडऑफिस' म्हणून चिडवतात. आज नुसतं म्हणाले, "जेवून घ्या." ते ऐकून जास्त रडू आलं.

भिंगरीचे ओठ कागदासारखे झालेत. जिने चढवत नाहीत म्हणून जावई तिला उचलून नेतात. खुर्ची गरगर फिरवते म्हणून कप्ताननेच तिला हे नाव ठेवलं होतं. आता त्याच खुर्चीत मान टाकून झोपलेली असते.

एकच वाट आहे, आणि ती कप्तानच्या घरावरून जाते. लेकीला घर माहीत आहे, तिने आणि कप्तानच्या आईने वर्षानुवर्षं एका बाकड्यावर काढली आहेत. पण लेक म्हणते, "मी नाही जाऊ शकत. माझं पोर आहे आणि तिचं नाही. कोणत्या तोंडाने दार वाजवू?"

म्हणजे मीच.

शुक्रवार, १९

गेले होते. तिसरा मजला. दाराबाहेर चपलांच्या रांगेत त्याचे बूट अजून आहेत, लेस न सोडता काढलेले.

कप्तानच्या बाबांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. "आजी?" म्हणाले आणि बाजूला झाले. आई आतल्या खोलीच्या दारात टेकून उभी राहिली. मी पाणी मागितलं.

मग सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी बोलत असताना बाबा टेबलाची कड अंगठ्याने घासत होते, लेथवरचं काम हाताने तपासावं तसं.

आई म्हणाली, "म्हणून उघडत नाही होय?"

"काय उघडत नाही?"

"त्याचं पान. तुम्ही घरी बघायला दिलं होतंत ना? रोज सकाळी उघडत होते मी. वर त्याचं नाव यायचं. आधी 'पान नाही' म्हणायला लागलं, मग तर काहीच येईना. मला वाटलं, तुमचं काम संपलं आमच्याशी."

तोंडात मारल्यासारखं झालं. तिच्यासमोर मी बंदीचं बोलू शकले नाही. बाहेर पडल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून फोनवरून ती बंदी उठवली, पण पान तर मीच जाळलेलं, उघडणार काय कपाळ!

पण ते नंतर. त्याआधी मी हात जोडले. म्हटलं, "तुमच्या माणसांपर्यंत मला पोचवा. मंगळवारच्या आत."

बाबांनी टेबलावरचा अंगठा थांबवला. मग म्हणाले, "मी गेलो नाही अजून कामावर. फाटकापर्यंत जातो आणि परत येतो. सगळ्यांनी त्याच्यासाठी बाह्या वर केल्या होत्या. मी आत गेलो की ते माझ्याकडे बघणार, आणि मला असं वाटणार की सगळ्यांचं रक्त मी वाया घालवलं."

"फोन तरी..."

"फोनवर मागायची गोष्ट आहे का ही? तुम्ही मागितलीत का फोनवर?"

मी उठले. जिना उतरताना वरून दार लागल्याचा आवाज आला. हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते आज कळलं.

शनिवार, २०

सकाळी फॉर्म उलटा केला. आता वर दाता, तो आपल्या पायावर उभा. खाली ज्या मुलांना त्याचं रक्त चालेल त्यांच्या ओळी. मूल यादीत नसेल तर त्याच ओळीत नवीन भरायचं. बटण एकच. मूल गेलं तर फक्त ओळ जाईल, माणूस जागचा हलणार नाही. भिंतीला सांगावं तसं स्वतःलाच सांगत होते, कारण भरायला माणसं कुठे होती?

अकराच्या सुमारास फोन. कप्तानचे बाबा. "जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी या. ते तुमचं काय ते घेऊन."

मी पोचले तेव्हा ते फाटकाबाहेर उभे. आतून यंत्रांचा आवाज, जळक्या तेलाचा वास. भोंगा झाला, आवाज थांबला, तरी त्यांचं पाऊल उचलेना. बोलायचा माझा हक्क नव्हता.

आतून एक आडदांड माणूस डबा घेऊन बाहेर आला, त्यांना बघून थांबला. अप्पा म्हणतात त्याला सगळे, फोरमन आहे.

"आलास?"

"आलो."

"कामावर?"

"नाही. रक्त मागायला."

अप्पाने डबा खाली ठेवला. "कोणासाठी?"

कप्तानच्या बाबांनी फाटकाचा गज धरला. म्हणाले, "त्याच्या भिंगरीसाठी. शेजारच्या कॉटवरची. खुर्ची फिरवते ती."

अप्पाने तिथेच बाही वर सारायला सुरुवात केली. मागून आलेला एक जण ओरडला, "अहो अप्पा, इथे फाटकात नाही घेत! बाही खाली करा, लोक म्हणतील मारामारी चाललीय!" कोणीतरी हसलं. मग हळूहळू सगळेच बाहेर आले. बाबांच्या पाठीवर एकेक हात पडत गेला. सांत्वन कोणी केलं नाही. एकाने नुसतं विचारलं, "जेवलास का?"

दगडी कठड्यावर फोन ठेवून फॉर्म उघडला. खुणा जुळणारे कोण ते बाबांना तोंडपाठ. अप्पाची माहिती मी भरली आणि खालच्या ओळीत भिंगरीचं नाव घालायला गेले, तर ते म्हणाले, "थांबा. माणसं त्याने आणलीत. पहिलं नाव त्याचं."

फोन त्यांच्याच हातात दिला. त्यांनी एका बोटाने कप्तानचं पूर्ण नाव लिहिलं, खालच्या ओळीत भिंगरीचं, आणि बटण दाबलं.

काहीच आत गेलं नाही. लाल अक्षरांत आलं, 'हे मूल सापडले नाही.'

माझेच शब्द. मीच लिहिलेले, घरात चहा पीत. त्यांनी ते वाचले. अप्पाने खांद्यावरून वाचले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. म्हटलं, "नवीन म्हणून भरावं लागेल. माझ्यामुळे. मी भरते."

"मी भरतो."

जन्मतारीख भरली. गट भरला. मग एक चौकट रिकामी राहिली, 'पुढची तारीख'. रक्त चढवायची पुढची तारीख. ती मोकळी सोडता येत नाही. मीच सक्तीची केली होती, कोणाची विसरू नये म्हणून.

"आजी, इथे काय टाकू?"

तिथे उभ्या उभ्या कोड बदलता येत नव्हता, आणि तारीख नाही तर फॉर्म नाही, फॉर्म नाही तर अप्पा नाही. माझं सगळं शहाणपण त्या एका चौकटीत अडकून बसलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खालच्या ओळीकडे. "हिची कधी आहे?"

"मंगळवारी."

त्यांनी मंगळवारची तारीख टाकली. बटण दाबलं.

सगळे एकदम आत गेले.

मंगळवार, २३

अप्पाची पिशवी जुळली. दहाच्या सुमाराला पहिला थेंब सुटला. नळीकडे बघत लेक माझ्या शेजारी बसली होती. माझ्याशी बोलली नाही, पण उठूनही गेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून धोका टळला असं समजू नका, चोवीस तास बघू. ताप आहेच. अप्पा आता तीन महिने देऊ शकत नाही, पुढच्या खेपेला दुसरा, मग तिसरा. असं किती पुरेल देव जाणे.

हॉलमधल्या पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक आली होती. सिस्टरचा हात सवयीने माउसकडे गेला. बाकड्यावरच्या आयांनी वर पाहिलं. कप्तानची आईही तिथेच बसली होती, त्या नावाकडे बघत. सिस्टरनी हात मागे घेतला आणि इंजेक्शनचा ट्रे उचलून आत गेल्या.

पिशवी संपत आली तेव्हा भिंगरीचे ओठ ओळखीचे दिसायला लागले होते. "भूक लागली" म्हणाली. तिची आई तोंड फिरवून रडली.

दिवस संपताना प्रत्येक मुलाची पुढची तारीख टाकायची असते. नाही टाकली तर नाव पडद्यावरून आपोआप उतरतं. भिंगरीची टाकली. मग कप्तानच्या ओळीशी थांबले. बाकड्यावरून त्याची आई उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

त्याचीही टाकली.